कोनं केलन?
(भंडारा येथे दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा संपादित मजकूर)



या व्याख्यानाच्या पत्रिका वाटून झाल्यावर मला दोन फोन आले. पहिला, ज्यांच्या स्मृतीसाठी हे व्याख्यान आहे त्या आमच्या गावच्या सरांच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा. ते म्हणाले, “अहो, ज्या माणसाने जन्मभर भूतखेत मानलं नाही, त्याच्या स्मृतिदिनी तुम्ही भुतांच्या डिटेक्टिव्हवर बोलणार?” दुसरा फोन नववीतल्या एका मुलाचा होता. त्याने एकच विचारलं, “तुमच्या कादंबरीतला भूत खरा आहे का जी?”

आज या दोघांनाही उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. सर भूत मानत नव्हते, हे खरंच आहे. पण आमच्या गावच्या वाचनालयात नारायण धारपांच्या कादंबऱ्या त्यांनीच आणल्या, आणि रोवणी आटोपली की संध्याकाळी ओट्यावर कंदील ठेवून त्या मोठ्याने वाचूनही दाखवल्या, हेही तितकंच खरं. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदत होत्या, हे कळायला मला फार वर्षं लागली. सध्या मी एक कादंबरी लिहितो आहे. तिच्यातला तपास-अधिकारी भंडाऱ्यात राहतो आणि अमानवी प्रकरणांचा छडा लावतो. ती लिहिताना सर पदोपदी आडवे येतात. म्हणून हा विषय.

सुरुवात आपल्याच जंगलापासून करू. १९९३ साली नागझिऱ्यात एका मुलाला त्याच्या मित्राने एक गोष्ट सांगितली. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. म्हणजे गोष्ट घडली तेव्हा नागझिरा भंडारा जिल्ह्यातच होतं. गोष्ट धारपांची होती, ‘आजी’. ऐकणारा मुलगा म्हणजे राही अनिल बर्वे. मुलगा घाबरला. ती भीती त्याने जपून ठेवली, १९९७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पटकथेचा पहिला खर्डा लिहिला, आणि १२ ऑक्टोबर २०१८ ला ‘तुंबाड’ पडद्यावर आला. पुढे मूळ कथा वाचली तेव्हा तिच्यात ती भीती सापडली नाही, असं बर्वे यांनीच सांगितलं आहे. भीती मित्राच्या सांगण्यात होती. जंगलातल्या त्या अंधाराचाही तिच्यात वाटा असणार. नागझिऱ्यात मुक्काम केलेल्यांना तो अंधार वेगळा सांगायला नको.

या गोष्टीतली म्हातारी मला महत्त्वाची वाटते. धारपांची ‘आजी’ स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ या कथेवर बेतलेली. तिथे घरातली आजारी म्हातारी चेटकीण असते आणि घरात एकटा राहिलेला नातू तिच्या तावडीत सापडतो. ‘तुंबाड’मध्येही साखळदंडांनी जखडलेली म्हातारी आहे आणि तीही भयंकर आहे. पण सिनेमा पुढे सरकतो तसं लक्षात येतं की तिची ही गत लोभाने केली आहे, आणि तोच लोभ आता पुढच्या पिढीच्या डोळ्यांत उतरला आहे. अमेरिकेतून पुण्यात आणि पुण्यातून नागझिऱ्यात आलेल्या एका गोष्टीत आरोपी बदलला. बोट म्हातारीकडून घराण्याच्या हावेकडे वळलं. मी याला तपास म्हणतो.

आता थोडं या साहित्यप्रकाराविषयी. इंग्रजीत याला अर्बन फँटसी म्हणतात. आजचं शहर, त्यातले खरे रस्ते, पोलीस ठाणी, बसथांबे, आणि त्याच रस्त्यांवर वावरणारी भुतं, देवता, यक्ष. या गर्दीत एखादा डिटेक्टिव्ह सोडला की झाली कादंबरी. हे बीज जुनं आहे. आयरिश लेखक शेरिडन ले फानू यांच्या १८७२ च्या संग्रहात डॉक्टर हेसेलियस हे रोग्यांच्या भुताटकीची टिपणं ठेवणारे डॉक्टर भेटतात. १९१० पासून विल्यम होप हॉजसन यांचा कारनाकी आला. हा माणूस भुताच्या खोलीत कॅमेरा घेऊन शिरतो, दाराखिडक्यांना सील लावतो, रात्रभर जागतो. त्याची काही प्रकरणं खऱ्या भुताची निघतात, काही निव्वळ माणसाच्या लबाडीची. खोलीत शिरताना त्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. या प्रकाराचा सगळा प्रामाणिकपणा मला या ठाऊक नसण्यात दिसतो.

अलीकडचं उदाहरण बेन आरोनोविच यांच्या ‘रिव्हर्स ऑफ लंडन’चं, २०११ चं. पीटर ग्रँट हा नवशिका शिपाई खुनाच्या जागी रात्री पहारा देत असतो. एक साक्षीदार पुढे येतो, आणि तो भूत निघतो. ग्रँट काय करतो? वही काढतो आणि जबाब घेतो. मला ही जागा फार आवडते. त्याच कादंबरीत थेम्स नदीच्या मुखाकडची माता आणि उगमाकडचा पिता यांचं हद्दीवरून भांडण आहे, आणि ते मिटवायची जबाबदारी या शिपायावर येऊन पडते.

हे वाचताना मला आपली वैनगंगा आठवली. उगम मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यात. खाली येता येता ती पवनीजवळ गोसीखुर्दच्या धरणात अडते. त्या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झाली आणि पुढे कितीतरी गावं पाण्याखाली गेली. २०२० च्या ऑगस्टअखेर वरच्या धरणातून पाणी सुटलं आणि कारध्याचा जुना पूल बुडाला, भंडारा शहरात पाणी शिरलं. वरच्या आणि खालच्या नदीचं भांडण आम्हाला कल्पनेतून काढावं लागत नाही. ते आम्ही गुडघाभर पाण्यात उभं राहून पाहिलं आहे.

मराठीत मात्र या साहित्यप्रकाराचे दोन वेगळे वाटे झाले. एका वाट्याला बाबूराव अर्नाळकर. एक हजाराहून जास्त रहस्यकथा, झुंजार, काळापहाड, धनंजय. त्यांच्या जगात भूत दिसलं की पांढऱ्या चादरीखाली चोर असणार, याची वाचकाला खात्री असायची. बंगालीत शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश बक्षीही याच वाटेचा. भुतांवर विश्वास ठेवणाऱ्या बरदाबाबूंशी त्याची गाठ पडते त्या कथेत तो अखेर भुतामागचा माणूसच हुडकून काढतो. दुसऱ्या वाट्याला नारायण धारप. जन्म १९२५, निधन २००८, शंभरच्या घरात पुस्तकं. त्यांच्या जगात भूत खरं असतं आणि त्याला आवरायला समर्थ येतात, सोबत आप्पा जोशी. होम्सला वॉटसन तसे समर्थांना आप्पा. आपल्याकडे अमानवी प्रकरणांचा डिटेक्टिव्ह म्हणावा असा माणूस बहुधा हा एकच. पण समर्थांना पुरावा फारसा लागत नाही. त्यांना कळतं. दारात पाऊल टाकताच या घरात काय दबा धरून बसलंय ते त्यांना जाणवतं. लहानपणी हे जाणवणं अंगावर काटा आणायचं. आज मला त्याची वेगळीच भीती वाटते. ती कशी, हे सांगायला गावात जावं लागेल.

आमचं गाव पवनीकडचं. पाऊस सरत आलेला, बांध्या भरलेल्या. शेजारच्या घरची म्हैस अचानक दूध देईना. रोजचं तीन शेर निघायचं ते पावशेरावर आलं. दोन दिवस सरकी बदलून पाहिली, पाला उकळून पाजला. तिसऱ्या दिवशी घरधनीण ओट्यावर येऊन माझ्या आजीला म्हणाली, “कोनं केलन, ते पाहा लागते.”

हे शब्द नीट ऐका. “काय झालं?” असं तिने विचारलं नाही. “कोनं केलन?” असं विचारलं. आपल्या झाडीच्या बोलीत हे दोन शब्द पुरतात. डिटेक्टिव्ह कादंबरीही याच दोन शब्दांवर उभी असते. कुणीतरी केलंय हे आधीच ठरलेलं, आता नुसतं नाव शोधायचं.

भगत आला. सुपात धान घेतलं, चिमटीने दाणे उचलून जोड्या लावल्या. एक दाणा उरला. पुन्हा उचलले, पुन्हा एक उरला. मग डोळे मिटून म्हणाला, “घर उगवतीचं. बाईमाणूस. एकटी.” नाव त्याने घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. आमच्या आळीत उगवतीला एकच घर होतं आणि त्यात एकच बाई राहत होती. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, मुलगी तुमसरकडे दिलेली. सगळे तिला बुढी म्हणत, मीही म्हणायचो.

गावातला अमानवी प्रकरणांचा डिटेक्टिव्ह आधीपासून हजर होता, हे सांगण्यासाठी हा प्रसंग सांगितला. त्याला फी मिळते, त्याची पद्धत आहे, त्याचा निकालही लागतो. फक्त तो फार वाईट डिटेक्टिव्ह आहे. समर्थांसारखं त्यालाही ‘कळतं’. आणि त्याला जो आरोपी कळतो तो नेहमी गावातला सगळ्यात दुबळा माणूस निघतो. पाटलाच्या वाड्याकडे त्याचे दाणे कधी वळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे सर कंदील घेऊन त्या गोठ्यात गेले. मला बरोबर नेलं. त्यांनी म्हशीकडे पाहिलंच नाही. ते वगारीपाशी उकिडवे बसले आणि कंदील तिच्या तोंडाजवळ धरला. ओठांच्या कडांना फेस होता, वाळून पांढरा झालेला. मग दावं पाहिलं. खुंट्याकडची गाठ सैल, आणि दाव्याचा वीतभर भाग ओला, चावलेला. वगार रात्री दावं चघळून गाठ ढिली करायची, आईला पिऊन यायची आणि उजाडायच्या आत आपल्या जागी येऊन बसायची. सरांनी दावं आखूड बांधलं. त्या संध्याकाळी दूध चरवीच्या काठाला आलं.

इथे अर्नाळकरांची गोष्ट संपली असती. गावातली संपली नाही. दूध परत आलं, पण बुढीवरचा आळ गेला नाही. आमच्याच आजीला मी विचारलं, तर ती म्हणाली, “वगारीले तरी तशी बुद्धी कोनं देल्लन गा?” पाहा, प्रश्न कसा परत उभा राहतो! विहिरीवर बुढी आली की बाया बादल्या उचलून बाजूला व्हायच्या. तपास लागला होता. निर्दोष सुटलेली बाई मात्र सुटली नव्हती.

हे जुन्या काळचं म्हणून सोडून देऊ नका. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला, भानामतीच्या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारलं. त्यांत म्हाताऱ्या बायाही होत्या. तिथेही प्रश्न हाच होता, कोणी केलं?

विदर्भात या प्रश्नाला दुसऱ्या रीतीने भिडलेली माणसंही झाली. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८२ मध्ये नागपुरात उभी राहिली. पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंनिस उभी केली. भानामतीच्या घरी जाणाऱ्या या कार्यकर्त्यांचं काम मला कुठल्याही कादंबरीहून चित्तथरारक वाटतं. घरावर दगड पडतात, कपडे आपोआप पेटतात, जेवणात खडे निघतात. कार्यकर्ते जातात, घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोलतात आणि बहुतेक वेळा करणारं माणूस घरातच सापडतं. अनेकदा ती सासुरवाशीण असते, किंवा शाळा सुटलेली मुलगी, जिचं घरात कुणीच ऐकत नाही. आणि मग हे डिटेक्टिव्ह असं काही करतात जे होम्सने कधी केलं नसतं. ते नाव सांगत नाहीत. घरच्यांना सांगतात, आता हे थांबेल. त्या माणसाचं दुखणं काय ते पाहतात. भानामती थांबते, आणि नाव त्यांच्यापाशीच राहतं.

दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कायदा संमत झाला. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. या कायद्यात एक तरतूद आहे जी वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. तिच्यात ‘दक्षता अधिकारी’ आहे. दर्जा पोलीस निरीक्षकाहून कमी नसावा. आपल्या हद्दीत असे प्रकार घडतात का ते त्याने पाहायचं, पुरावा गोळा करायचा, ठाण्याला कळवायचं. आता सांगा, लंडनच्या लेखकाला भुतांचा तपास करणारं पोलीस खातं कल्पनेतून उभारावं लागलं. महाराष्ट्राने ते पद राजपत्रात छापून ठेवलं आहे!

माझ्या कादंबरीचा नायक हा असा दक्षता अधिकारी आहे. त्याचं टेबल भंडाऱ्यात, खिडकीतून खांब तलाव दिसतो. त्याच्या फायलींसाठी मला जिल्ह्याबाहेर जावं लागत नाही. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप निघाला, आणि बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचं शिल्पही पवनीतच सापडलं. त्या नागाला माझ्या कादंबरीत अजून झोप लागलेली नाही. नागझिऱ्यात वाढलेला ‘जय’ वाघ २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात गेला. गळ्यात रेडिओ कॉलर असलेला हा वाघ एप्रिल २०१६ मध्ये पवनीच्या बाजूला नाहीसा झाला तो आजवर सापडला नाही. अशा फायलीवर माझा अधिकारी काय शेरा मारेल, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतले ग्रामदेव नव्या गावठाणात आले की नाही, हीसुद्धा एक फाईल आहे. आणि रानात चकवा लागलेली माणसं तर आपल्याकडे घरोघरी आहेत.

पण एक गाव असं आहे की तिथे माझा नायक जातो तेव्हा मला लेखणी खाली ठेवावी लागते. मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. सुरेखा भोतमांगे, प्रियंका, रोशन आणि सुधीर, एकाच दलित घरातल्या या चौघांची हत्या झाली. तिथे भूत नव्हतं. तिथे जे केलं ते माणसांनी केलं, जमावाने केलं, आणि मग मेलेल्या बाईच्याच नावावर कुजबूज सुरू केली. भंडाऱ्याच्या कोर्टात २००८ मध्ये निकाल लागला. या जिल्ह्यात बसून जो कोणी अमानवी गोष्टींची कादंबरी लिहील त्याने हे गाव वळसा घालून टाळू नये, आणि त्या गावात भूत घालण्याचा मोहही धरू नये. भूत घातलं की माणूस सुटतो. आमच्या प्रकारातली सगळ्यात मोठी लबाडी हीच आहे, आणि ती मी स्वतः दोनदा करून कागद फाडले आहेत.

मग भूत हवंच कशाला, असं सरांचे सहकारी विचारतील. साधी वास्तव कादंबरी लिहा. त्यावर माझं म्हणणं असं. वास्तवातला तपास “कोणी केलं” इथे थांबतो, आणि तो थांबला तरी आळ उरतो, हे मी त्या गोठ्यात पाहिलं. आळ पुराव्याने जात नाही, कारण तो पुराव्याने आलेलाच नसतो. तो गोष्टीने येतो. सुपातले दाणे, उगवतीचं घर, एकटी बाई, ही गोष्टच आहे आणि ती चांगली रचलेली आहे. तिला हटवायला तितक्याच ताकदीची दुसरी गोष्ट लागते. ज्या अंधारात भगत आपली गोष्ट सांगतो त्याच अंधारात बसून, त्याच भीतीला हात घालून ती सांगावी लागते. सर धारप का वाचायचे, ते मला इथे समजलं.

त्या दिवाळीनंतर सरांनी वाचनालयाच्या सभासद-वहीत बुढीचं नाव घातलं. तिला अक्षर येत नव्हतं. वर्गणी चार आणे, ती त्यांनीच भरली. संध्याकाळी वाचन सुरू व्हायचं तेव्हा ती ओट्याच्या कडेला येऊन बसायची. पहिल्या दिवशी दोन बाया उठून गेल्या. सरांनी पुस्तकातून मान वर केली नाही, आवाज मात्र वाढवला. गोष्ट रंगात आली होती. चौथ्या दिवशी त्या दोघी परत आल्या, कारण पुढे काय झालं ते कळायला हवं होतं. आठवडाभराने कंदिलाच्या उजेडात सगळ्या दाटीवाटीने बसल्या होत्या, आणि घाबरायच्या जागी एकमेकींचा हात धरत होत्या. बुढीचाही हात कुणीतरी धरला होता. कुणी, ते मी सांगणार नाही.

कादंबरी संपली. समर्थांनी त्या अमंगळ शक्तीचा नायनाट केला. सगळ्यांनी श्वास सोडला. सरांनी पुस्तक मिटलं, तेवढ्यात बुढी बोलली. आजवर ती कधी बोलली नव्हती.

“मास्तर, सगरं आयकलो जी. पर ते भूत कोनाचा होता? त्याले का झालता?”

सरांनी पुस्तक पुन्हा उघडलं, पानं चाळली, आणि म्हणाले, “ते लिहिलं नाही यात.”

नववीतल्या मुलाला माझं उत्तर हे. माझ्या कादंबरीतलं भूत खरं आहे, एवढ्यासाठी की माझा अधिकारी वही काढून त्याचा जबाब घेतो. “कोनं केलन” हा प्रश्न तो शेवटी विचारतो. पहिला प्रश्न त्या म्हातारीचा असतो. तुला काय झालं होतं?

पहिल्या पानावर तो हाच प्रश्न विचारतो. त्यापुढची दोनशे पानं लिहून झाली आहेत, जबाब अजून पुरा झालेला नाही.